सेटच्या पंख्याची घरघर

रविवारी सकाळी आमचं नेट भरायचं. हॅम रेडिओवाल्यांत, म्हणजे हौसेने घरी बिनतारी सेट चालवणाऱ्यांत, नेट म्हणजे गप्पांची बैठक. ठरलेल्या वेळी ज्याने त्याने आपल्या घरी सेट लावायचा, आपली पाळी आली की माइकचं बटण दाबून बोलायचं आणि बटण सोडून दुसऱ्याचं ऐकायचं. बोलून झालं की बाकीचे तुमच्या आवाजाला मार्क देतात. आवाज स्वच्छ आणि जोरात येत असेल तर 'फाइव्ह नाइन'. हे मार्क देताना आमच्यात कुणी हात आखडत नाही. समोरचा विहिरीच्या तळातून बोलत असला तरी फाइव्ह नाइन म्हणून मोकळं व्हायचं, अशी रीतच पडून गेली आहे. पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर तेवढे खरं सांगायचे. त्यांच्याकडून फाइव्ह नाइन मिळालं की माणूस आठवडाभर मिरवायचा.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी सगळ्यांच्या देखत मला विचारलं, "बिदर, तुमच्या मागे पिठाची गिरणी चालू आहे का हो?"

आमच्या नेटवर एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत होती. मी बिदर. रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येतं, त्यामुळे सगळे एकदम हसू शकत नाहीत. लातूर, उदगीर, सोलापूर, एकेकाने आपापल्या पाळीला हसून घेतलं. माझी पाळी आल्यावर मीही हसलो. सेटचा पंखा आहे, जुना झालाय, बघतो, असं म्हणालो. माझे कान मात्र तापले होते.

त्यांनी सहज केलेली थट्टा होती. त्यांना काय माहीत, की माझ्या वडिलांची आमच्या गावी, खजुरीत, खरोखरच पिठाची गिरणी होती. चार एकर तूर-ज्वारीचं रान आणि ही गिरणी, यावर आम्ही वाढलो. शाळेत जायच्या आधी मी गिऱ्हाइकांचे दळणाचे डबे उतरवून द्यायचो आणि तसाच पळत सुटायचो. केसांत, भुवयांत, कानामागे पीठ. वर्गातली पोरं 'म्हातारा आला' म्हणायची. पुढे शिकलो, बिदरला नौबादमध्ये घर झालं, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागलो. पण वडील काय करायचे असं कुणी विचारलं तर 'शेती' म्हणून गप्प बसायची सवय गेली नाही. शेती होतीच, त्यामुळे खोटं बोललो असं होत नव्हतं. अर्धं खरं सांगून निभावून न्यायची कला मला फार लवकर आली.

बोलण्याचंही तेच. घरात आम्ही आमचं बोलतो, निम्मं मराठी, थोडं कन्नड, चवीला दखनी. माइकचं बटण दाबलं की मात्र मी 'आहे', 'नाही', 'का बरं' करायला लागायचो. अप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले त्या पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं होतं, "रेडिओवर तू कामून असा बोलतोस? इन्स्पेक्टर आल्यावर मास्तर बोलायचे तसा."

"तिकडं सगळीकडचे लोक असतेत अप्पा."

"असू द्या की. त्येंला काय आपलं कळत न्हाई?"

मला रेडिओवर स्वच्छ आवाज हवा होता. त्याच्या मागे घर ऐकू येता कामा नये, गाव तर नाहीच नाही. हे तेव्हा मी स्वतःलाही असं सरळ सांगितलं नसतं.

अप्पा आले ते छातीमुळे. आयुष्यभर पिठाची धूळ आणि वर विडी. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी फोटो बघितला आणि घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. पलंगाशेजारच्या छोट्या कपाटाएवढं चाकांवरचं यंत्र. खोलीतली हवा ओढून घेतं आणि नळीतून नाकात ऑक्सिजन देतं. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर नाष्टा होऊन दम बसेपर्यंत ते काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळचाच वेळ अप्पांना जड जायचा. दुपारनंतर ते बरे असायचे. मशीन बंद करून अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला कुठला आहेस म्हणून विचारायचे. अप्पांची खोली माझ्या रेडिओच्या खोलीला लागून, मधल्या भिंतीत वर हवेसाठी सिमेंटची जाळी.

आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

मी लागलो पंख्याच्या मागे. ट्रान्समीटर बोलताना तापतो, म्हणून त्याच्या पाठीला पंखा असतो. जास्त वेळ बोललात की जास्त तापतो आणि पंखा जोरात फिरायला लागतो. माझा पंखा छोटा होता, आणि छोट्या पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त पळावं लागतं, म्हणून तो ओरडतो. मी तो काढून त्याच्या जागी मोठा, सावकाश फिरणारा बसवला. तो पेटीवर थेट न कसता सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून त्यांच्या गाद्यांवर बसवला, म्हणजे थरथर पत्र्यात उतरू नये. बारा व्होल्टचा पंखा कमी व्होल्टवर चालवला आणि सेट फार तापत नाही ना, हे पाठीला बोट लावून लावून बघितलं. पॉवर सप्लायला वेगळा पंखा होता, तो सप्लायच उचलून खिडकीबाहेर व्हरांड्यात नेला. माइक सेटपासून लांब घेतला, तोंडाजवळ आणला.

रोज संध्याकाळी कॉलेजातून आलो की उदगीरच्या मित्राबरोबर चाचणी घ्यायचो. तो शाळेत मास्तर आहे, माझ्यासारखाच या नादाला लागलेला. "आता कसाय?" "एकदम साफ. कायबी न्हाई मागं." मी खूश. रविवार उजाडला की पुणे म्हणायचं, "बिदर, गिरणी आहे अजून. थोडी लांब गेली आहे, एवढंच."

याचं उत्तर मी शास्त्राने शोधलं. चाचणीत मी दोन वाक्यं बोलतो, नेटवर पाच पाच मिनिटं. तेव्हा सेट तापतो आणि पंखा धावतो. शिवाय सेटमध्ये आवाज दाबून एकसारखा करणारी सोय असते, तिच्यामुळे माणूस श्वास घ्यायला थांबला की मागचे बारीक आवाज वर उचलले जातात. सगळं बरोबर होतं. परीक्षेत लिहिलं असतं तर मीच मला पैकीच्या पैकी दिले असते. संध्याकाळी अप्पा अंगणात असतात आणि सकाळी भिंतीपलीकडे, एवढी एक गोष्ट सोडून मी सगळ्याचा विचार केला. त्या मशीनची घरघर घरात इतकी भिनली होती की मला ती ऐकूच येईनाशी झाली होती. अप्पाच सांगायचे, गिरणीवाल्याला गिरणी ऐकू येत नाही, तो दचकतो ती बंद पडल्यावर.

एका शनिवारी मी तिसऱ्यांदा पंखा बदलला. नवा पंखाही घुर्र करायला लागला आणि माझा तोल गेला. माझा राग घरात प्रसिद्ध आहे. पावसाळी नाल्यासारखा, चढतो लवकर आणि उतरतोही लवकर, पण चढलेला असताना मधे कोण आहे ते बघत नाही. हातातला स्क्रू ड्रायव्हर मी टेबलावर आपटला आणि ओरडलो, "या घरातला हा आवाज एकदाचा बंद झाला पायजे! जीव खाल्लाय नुसता!"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "हळू बोला, मामा झोपलेत."

मामा म्हणजे अप्पा. ते झोपलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नेटवर माझी पाळी आली. मी नमस्कार केला, हवापाणी सांगितलं, पंख्याचं नवं काम थोडं फुशारकीने सांगितलं आणि बटण सोडलं. पुण्याचे इंजिनिअर म्हणाले, "बिदर, आज कमाल केलीत. मागे टाचणी पडली तरी ऐकू येईल. फाइव्ह नाइन. हे कसं केलंत ते पुढच्या रविवारी सगळ्यांना नीट समजावून सांगा. पंख्याचा त्रास आम्हा सगळ्यांनाच आहे."

मी म्हणालो, "अवश्य सांगेन." 'अवश्य' हा शब्द मी जन्मात घरी वापरलेला नाही.

नेट संपल्यावर मी अप्पांना सांगायला गेलो. शाळेत नंबर आला की गिरणीत पळत जायचो, तसाच गेलो असेन. अप्पा पलंगाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे वाकून बसले होते. खांदे वरखाली होत होते. ओठ निळसर. नळी खिडकीच्या गजाला नीट गुंडाळून अडकवलेली, आणि मशीन बंद.

त्यांनी मान वर करून विचारलं, "झालं का तुझं? लावू का आता?"

एकेका शब्दाला त्यांना थांबावं लागत होतं. मी मशीन लावलं. नळी त्यांच्या नाकाला लावली. मशीन सुरू झालं आणि मी ती घरघर ऐकली, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. एका क्षणात मला सगळं कळलं. ट्यूबचे तुकडे, तीन पंखे, व्हरांड्यातला सप्लाय, सगळं.

"अप्पा, कामून बंद केलात?"

बराच दम घेऊन ते म्हणाले, "तूच म्हणलास की काल. आवाज बंद झाला पायजे म्हणून. मला काय, तासभर तर बसायचं."

मी त्यांना पंख्याबद्दल बोललो होतो, मशीनबद्दल नव्हे, हे परोपरीने सांगितलं. ते मान डोलवत राहिले. लहान पोराची समजूत काढताना डोलवतात तशी. मी कितीही सांगितलं तरी आवाज त्यांच्याच मशीनचा होता, आणि त्या दिवशी नेट स्वच्छ गेलं होतं ते त्यांनी श्वास रोखून धरल्यामुळे, हे काही खोटं होणार नव्हतं.

बायको दारात उभी होती. अप्पा जरा माणसात आल्यावर ती मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "सकाळी मामा मशीन बंद करताना मी बघितलं. विचारलं तर म्हणाले, त्यानं सांगितलंय."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मला खरंच वाटलं तुमीच सांगितलं म्हणून," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, टोमणाही नव्हता. मला आजवर जेवढी बोलणी बसली त्यांत एवढं लागलेलं दुसरं काही नाही. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला माझ्याबद्दल ते खरं वाटू शकलं, आणि विचार करून बघितला तर तिचं काही चुकलं नव्हतं.

मी सेट माडीवरच्या खोलीत न्यायचा ठरवला. अँटेना गच्चीवरच आहे, केबलही कमी लागली असती. अप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, "नगं. हितं तुझा आवाज येतोय जाळीतून. पडल्या पडल्या बरं वाटतंय. वर गेलास की मग कोण हाय?" सेट तिथंच राहू दिला. एवढंच वचन घेतलं, की मी बोलत असताना मशीनला हात लावायचा नाही. त्यांनी दिलं.

आठवडाभर मी नेटला काय सांगायचं याचाच विचार करत होतो. खरं सांगायचं तर पंखा कसा शांत केला यात सांगण्यासारखं बरंच होतं आणि ते चुकीचंही नव्हतं. लोकांचे पंखे त्याने खरोखर शांत झाले असते. मी पुन्हा अर्धं खरं सांगून निभावून न्यायचं ठरवलं. लाज वाटली, पण ठरवलं तेच.

रविवारी बसलो. सेटला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकायची सोय असते. ती मी कायम बंद ठेवायचो, मला माझा आवाज आवडत नाही. त्या दिवशी मुद्दाम चालू केली. माझ्या आवाजामागे बारीक घरघर येते आहे ना, एवढंच मला ऐकायचं होतं. येत होती. ती ऐकत मी माइकचं बटण दाबून अडकवून ठेवलं, कारण बरंच बोलायचं होतं, आणि सुरुवात केली. मोठा पंखा का घ्यावा. ट्यूबच्या गाद्या कशा कापाव्यात. "मित्रहो, व्होल्ट कमी करताना सेटच्या तापमानाकडे अवश्य लक्ष द्यावे," इथवर आलो आणि हेडफोन स्वच्छ झाला.

ज्या शांततेसाठी मी पूर्ण हिवाळा घालवला होता ती हीच. हेडफोन डोक्यावरून ओढून टाकला आणि पळालो.

अप्पा बटणाजवळ हात ठेवूनच बसले होते. नळी अजून नाकातच होती.

"अप्पा, चालू करा. आधी चालू करा ते."

"आरं, तू समद्यांला शिकवायलास की. मधी घरघर कशाला."

"घरघर ऱ्हाऊ द्या! चालू करा म्हणायलोय न्हवं! मला न्हाई पायजे तसलं साफ, तुमी श्वास घ्या आधी!" मी ओरडत होतो आणि रडतही होतो. मशीन मीच चालू केलं.

ते घरघरायला लागलं, अप्पांचा दम खाली बसला, तेव्हा मला माइकची आठवण झाली. बटण अडकवलेलंच होतं. लातूर, उदगीर, सोलापूर, पुणे, सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं.

परत येऊन मी बटण सोडवलं. नुसती हवेची खरखर. मग पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "बिदर, सगळं ठीक आहे ना?"

मी बटण दाबलं. 'आहे', 'अवश्य' काही जिभेवर आलं नाही. "व्हय," मी म्हणालो. "ठीक हाय. मी तुमाला सांगायलो होतो ते पंख्याचं खरं हाय, पण घरघर पंख्याची नव्हती. माझ्या अप्पाचं श्वासाचं मशीन हाय. ते खजुरीत गिरणी चालवायचे, पीठ बसलंय छातीत. गेल्या रविवारी तुमी साफ म्हणलात तवा ते मशीन बंद करून बसले होते, माझ्यासाठी. आता बंद व्हायचं न्हाई. तुमाला ऐकू येईल. त्याला इलाज न्हाई."

बटण सोडलं.

पुण्याचा आवाज आला, नेहमीसारखा कोरडा, मोजका. "बिदर, तुमचा आवाज फाइव्ह नाइन. मागे काहीही नाही."

घरघर भरपूर येत होती. हेडफोन टेबलावर पडला होता, त्यातूनही ती मला ऐकू आली होती. त्या माणसाने रेडिओवर दिलेला तो पहिला खोटा रिपोर्ट असावा, आणि तो मला मिळाला. आमच्या रीतीप्रमाणे मी आभार मानायला हवे होते.

अजून मी रविवारी नेटवर बसतो. बसायच्या आधी अप्पांच्या खोलीत डोकावतो, मशीन चालू आहे ना बघायला. मी दारात दिसलो की अप्पा दोन्ही हात वर करून तळवे मला दाखवतात, बटणाला हात लावला नाही म्हणून.